जुन्या ट्रॅक्टरचा गंजलेला पत्रा: दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिंद्रा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, फोर्ड ३६००, एचएमटी २५११ हे ट्रॅक्टर आजही महाराष्ट्रातील अनेक वस्त्यांवर उभे दिसतात. यांतल्या बी-२७५ चे मुंबईशी जवळचे नाते आहे. मुंबईची महिंद्रा आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी काढली, आणि मूळ ब्रिटनमध्ये तयार झालेले हे मॉडेल तिच्यामार्फत आपल्या शेतांपर्यंत पोहोचले. अशा ट्रॅक्टरचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा जाड बिडाचा असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे उघड्यावर राहूनही तो बहुधा वाचतो. पत्र्याचे तसे नसते. बॉनेट, समोरची जाळी, मडगार्ड, बॅटरीचा ट्रे आणि पायदान सडले की चालू स्थितीतला ट्रॅक्टरही भंगारात काढला जातो. असा पत्रा वाचवू पाहणाऱ्या मालकांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

पत्र्याला गंज सर्वांत आधी कुठे लागतो?

जिथे ओल अडकते आणि वारा पोहोचत नाही, तिथे. मोकळ्या सपाट भागावरचा गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याचीच चिंता करतो. खरे नुकसान मात्र दोन पत्रे एकमेकांवर जोडलेल्या सांध्यात, मडगार्डच्या आत वळवलेल्या कडेत, ब्रॅकेटच्या मागे आणि बोल्टच्या वायसरखाली होत असते. सांध्यात शिरलेले पाणी केशाकर्षणाने आत धरले जाते आणि बाहेरचा भाग कोरडा झाल्यानंतरही कित्येक दिवस तिथेच राहते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सांधा आतून फुगतो, जोड सुटतात आणि आणखी पाणी शिरायला वाट होते.

मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो. भातखाचरात चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर न धुता उभा केला, तर हा थर महिनाभरही ओला राहू शकतो. खताची ने-आण करणाऱ्या ट्रॅक्टरची स्थिती याहून वाईट असते, कारण म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइड मिठाप्रमाणेच लोखंड खाते. कोकणच्या किनारपट्टीवर हेच काम खारा वारा करतो. बॅटरीचा ट्रे सडतो तो तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने आणि थेंबांनी. म्हणूनच बॅटरीभोवतीचा पत्रा इतर भागांच्या बऱ्याच आधी जातो.

गंजलेला पत्रा दुरुस्त करावा की बाजारातून नवा आणून बसवावा?

याचा निर्णय प्रत्येक भागासाठी वेगळा घ्यावा. लुधियाना आणि राजकोट येथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे मोठे उत्पादन होते, आणि लोकप्रिय मॉडेलची मडगार्डे, बॉनेट व जाळ्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून मागवता येतात. बॅटरीचा ट्रे, टूलबॉक्स आणि साधे सपाट पायदान सडले असेल, तर त्यावर तासन्‌तास घालवण्यात अर्थ नाही. हे भाग नवे घ्यावेत किंवा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून नव्या पत्र्यात वाकवून घ्यावेत.

बॉनेट आणि समोरची जाळी यांच्या बाबतीत मात्र मूळ भाग वाचवण्याचा प्रयत्न आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. नकली भागाचा पत्रा अनेकदा मूळ पत्र्यापेक्षा पातळ असतो, भोके जागेवर येत नाहीत, आणि ठशातून निघालेल्या मूळ बॉनेटची गोलाई व कडांची धार त्यात उतरत नाही. जुना ट्रॅक्टर ओळखू येतो तो त्याच्या तोंडावरून, आणि ते तोंड बदलले की इतर सारे मूळ असूनही गाडी परकी दिसू लागते. ढोबळ मानाने, पत्र्याचा एक तृतीयांशापेक्षा कमी भाग सडला असेल आणि कडा व बोल्टच्या जागा शाबूत असतील, तर दुरुस्ती करणे श्रेयस्कर. कडाच उरल्या नसतील, तर त्याच मॉडेलच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचा भाग शोधावा. अर्धे सडलेले दोन बॉनेट जोडून एक चांगले बॉनेट तयार होऊ शकते.

गंज किती खोल गेला आहे, हे रंग न काढता कसे ओळखावे?

लहान हातोडीने पत्रा हलक्या हाताने ठोकत जावे. चांगला पत्रा टणकन वाजतो. आतून सडलेल्या जागी तोच आवाज बसका, थपथप असा येतो, आणि हातोडीखाली पत्रा किंचित दबल्याचे बोटांना जाणवते. अशा जागेभोवती खडूने वर्तुळ काढावे. मग जुन्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या वर्तुळात जोर देऊन दाबावे. टोक आरपार गेले तर तो पत्रा आधीच गेलेला होता, त्याबद्दल हळहळ करू नये.

यानंतर संपूर्ण भागावरून कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. चुंबक जिथे नीट धरत नाही, तिथे आधीच्या कोणीतरी पुट्टीचा जाड थर दिलेला आहे. रंगाखाली उठलेले लहान फोड हीही महत्त्वाची खूण आहे. फोड बहुतेक वेळा मागच्या बाजूने आरपार आलेल्या गंजाचे असतात, म्हणजे समोरून दिसणारे रुपयाएवढे भोक मागून तळहाताएवढे असू शकते.

काम सुरू करण्याआधी कोणती तयारी करावी?

सर्वप्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. त्यात वायरिंगचे मार्ग, रबरी पट्ट्यांच्या जागा, बोल्टची लांबी आणि वायसरचा क्रम स्पष्ट दिसला पाहिजे. बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत, ऋण टोक आधी. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करणे अटळ असेल, तर अल्टरनेटरच्या तारा सोडवाव्यात आणि वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या शक्य तितकी जवळ लावावी. अर्थिंग लांब असली तर प्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्यांचे पृष्ठभाग खराब करू शकतो.

जाम झालेल्या बोल्टांवर आदल्या दिवसापासून भेदक तेल सोडत राहावे. तरीही बोल्ट हलला नाही, तर नट गरम करावा, बोल्ट नव्हे. भाग सुटे केल्यावर ते एकदा पुन्हा जागेवर लावून पाहावेत आणि बॉनेट व जाळी यांमधली फट मोजून लिहून ठेवावी. सडलेला भाग कापून टाकल्यानंतर पत्रा आपला आकार सोडतो आणि मोजायला काही उरत नाही. शक्य असल्यास कापण्यापूर्वी त्या भागाचा जाड पुठ्ठ्यावर नमुना काढून ठेवावा.

गंज काढण्याची सर्वांत चांगली पद्धत कोणती?

भागाचा आकार आणि पत्र्याची जाडी पाहून पद्धत निवडावी. त्याआधी एक गोष्ट सर्वच पद्धतींना लागू आहे. प्रथम थिनरने किंवा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसून घ्यावा, कारण तेलकट पत्र्यावर ग्राइंडर फिरवला की तेल खरवडलेल्या पृष्ठभागात दाबले जाते आणि पुढे रंग तिथेच सुटतो. रॉकेलने पुसू नये, त्याचा तवंग मागे राहतो.

सपाट आणि मोठ्या भागांसाठी ग्राइंडरवरचा तारांचा ब्रश किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) सोयीची आहे, पण डिस्क एका जागी धरून ठेवू नये, कारण ती चांगला पत्राही पातळ करते आणि तापवून वाकवते. तारांच्या ब्रशाने गंज चकचकीत होतो आणि निघाल्यासारखा वाटतो, खड्ड्यांच्या तळाशी मात्र तो तसाच असतो.

सँड ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा, खड्ड्यांच्या तळापर्यंत पोहोचते, म्हणून मडगार्डसारख्या जाड भागांसाठी ती उत्तम पद्धत आहे. बॉनेटच्या रुंद सपाट भागावर मात्र जास्त दाबाने मारा केल्यास पत्रा ताणला जाऊन त्यात लहरी येतात आणि तो दोष नंतर पूर्णपणे काढता येत नाही. तेथे दाब कमी ठेवावा, नोझल तिरका आणि लांब धरावा आणि बारीक माध्यम वापरावे. नदीची कोरडी वाळू वापरणाऱ्या ठिकाणी काम देऊ नये. तिच्या सिलिकायुक्त धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो, आणि हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरणाऱ्याला चार पैसे जास्त द्यावे लागले, तरी ते द्यावेत.

जाळीसारख्या, हात न पोहोचणाऱ्या भागांसाठी इलेक्ट्रोलिसिसला तोड नाही. प्लास्टिकच्या पिंपात दर दहा लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या जुन्या पट्टीला जोडावे. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. गंजाचा लगदा होऊन तो ब्रशाने निघून येतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घालू नये, त्याने क्लोरीन वायू निघतो. या क्रियेत हायड्रोजनही निघत असतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावे, जवळ विडी-काडी नसावी, आणि चार्जर बंद केल्याशिवाय तारांना किंवा पाण्याला हात लावू नये.

उसाच्या पट्ट्यातले शेतकरी मळीच्या पाण्याविषयी विचारतात. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यांत भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्यास गंज खरोखर सुटतो. ही पद्धत संथ आहे, वास उग्र असतो आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात खराब होतात. शिवाय साखर कारखान्याची मळी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली असते, त्यामुळे ती कारखान्यातून परस्पर आणता येत नाही. सोड्याचे पिंप त्यापेक्षा सोपे पडते.

रस्ट कन्व्हर्टर लावल्यावर गंज घासण्याची गरज उरते का?

होय, उरते. कन्व्हर्टरमधील फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाच्या पातळ थराशी संयोग पावून स्थिर, काळपट थर तयार करते. सुटा आणि पापुद्र्यांचा गंज तसाच ठेवला, तर आम्ल वरच्या थरातच संपते आणि खालचा गंज चालू राहतो. जे खड्डे घासूनही पूर्ण स्वच्छ होत नाहीत, त्यांच्यासाठीच कन्व्हर्टर वापरावा. डब्यावर धुण्याची सूचना असेल, तर ती पाळावी. पृष्ठभागावर उरलेल्या आम्लावर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. आरपार गेलेल्या भोकावर कोणत्याही रसायनाचा उपाय नाही.

ठिगळासाठी किती जाडीचा आणि कोणता पत्रा घ्यावा?

मूळ पत्रा जिथे शाबूत आहे, तिथला रंग काढून स्क्रू गेजने जाडी मोजावी आणि तितक्याच जाडीचा सी. आर. (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत) पत्रा घ्यावा. दुकानात १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६ आणि १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर असा हिशेब चालतो. जाड ठिगळ जास्त मजबूत होईल, हा समज चुकीचा आहे. जाड आणि पातळ पत्र्यांच्या जोडावर उष्णता सारखी पसरत नाही, पातळ बाजू जळते, आणि पुढे हादऱ्यांमुळे त्याच रेषेवर चीर पडते. जस्ताचा मुलामा असलेला जी. आय. पत्रा वापरण्याचा मोह टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर निघतो, तो श्वासात गेल्यास काही तासांत थंडी वाजून ताप येतो, आणि जोडही सच्छिद्र होतो.

ठिगळ जोडण्याची योग्य पद्धत कोणती?

दुरुस्ती टिकणार की नाही, हे याच टप्प्यावर ठरते. सडलेला भाग चांगल्या, पूर्ण जाडीच्या पत्र्यापर्यंत कापावा. दिसणाऱ्या गंजाच्या पुढे किमान दोन सेंटिमीटर जाणे इष्ट, कारण कडेचा पत्रा शाबूत दिसत असला तरी मागून पातळ झालेला असतो आणि वेल्डिंगची ज्योत लागताच भोक वाढत जाते. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवावेत. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि शेतातल्या हादऱ्यांनी चीर तिथूनच सुरू होते.

ठिगळ सडलेल्या भागावर चढवून बसवू नये. घाईच्या कामात भोक तसेच ठेवून त्यावर मोठा तुकडा वेल्ड केला जातो आणि कडा पुट्टीने लपवल्या जातात. अशा कामात दोन पत्र्यांच्या मध्ये जुना गंज बंदिस्त होतो, तेथे नवा सांधा तयार होतो आणि एक-दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा वर येतात. ठिगळ भोकाच्या आकारात नेमके बसवावे, दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत असावेत आणि सर्व बाजूंनी पत्र्याच्या जाडीएवढी बारीक फट राहावी.

सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारे) असेल, तर ०.८ मिलिमीटरची तार घ्यावी. आधी चार कोपऱ्यांच्या जवळ टाके मारावेत, मग समोरासमोरच्या बाजूंवर, मग उरलेल्या अंतरांच्या मध्यावर. एका टाक्यानंतर दुसरा त्याच्या शेजारी मारू नये. हाताला सोसेल इतका पत्रा थंड होऊ द्यावा आणि तोपर्यंत ठिगळाच्या दुसऱ्या टोकाला काम करावे. सलग रेघ ओढली तर पत्रा आकसतो आणि बॉनेटवर असा बाक येतो की तो काढण्याचे काम ठिगळाहून मोठे होते. पातळ जागी मागून तांब्याची जाड पट्टी धरावी. तांबे उष्णता शोषून घेते, वितळलेले लोखंड त्याला चिकटत नाही आणि भोक पडत नाही. टाके एकमेकांना मिळाले की फ्लॅप डिस्कने केवळ वर आलेला भाग उतरवावा, शेजारचा पत्रा खाऊ नये. शेवटी अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरून पाहावे. जिथून प्रकाशाचा ठिपका दिसेल, तिथून पाणीही जाणार आहे.

गावात फक्त आर्क वेल्डिंग किंवा गॅस वेल्डिंग उपलब्ध आहे. त्याने काम होईल का?

मडगार्ड आणि पायदान यांसारख्या जाड भागांवर कमी अँपिअरने आणि बारीक रॉडने आर्क वेल्डिंग चांगले होते. १८ गेजच्या बॉनेटवर मात्र ते करू नये. कसबी माणसाच्या हातूनही तेथे भोके पडतात.

गॅस वेल्डिंगविषयी आज विनाकारण अविश्वास दिसतो. त्याने उष्णता जास्त भागात पसरते, हे खरे आहे, पण त्याचा जोड मऊ असतो आणि हातोडी व डॉली (मागून आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) यांच्यामध्ये ठोकून सपाट करता येतो. सीओटूचा जोड कडक असल्याने तो असा ठोकता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी जुना डेंटर असेल आणि त्याचा हात गॅसवर बसलेला असेल, तर बॉनेट निर्धास्तपणे त्याच्याकडे द्यावे. पितळी रॉडने जोड देणार असाल, तर काम संपल्यावर जोड देताना वापरलेल्या सुहाग्याचा काचेसारखा थर गरम पाण्याने आणि ब्रशाने पूर्ण काढावा. तो राहिला तर रंग उचलतो आणि त्याखाली ओल धरते.

मडगार्डची आत वळवलेली कड सडली आहे. ती कशी दुरुस्त करावी?

वळवलेली कड उघडून पाहिल्याशिवाय तिची स्थिती कळत नाही. पातळ छिन्नीने ती थोडी थोडी उकलावी. आत गंजाची भुकटी असेल आणि पत्रा तुटत असेल, तर तेवढी पट्टी पूर्ण कापून काढावी. नव्या पट्टीला आधी बाकावर वळण द्यावे आणि मगच ती जोडावी. जोडल्यानंतर वळण देऊ लागल्यास टाके तुटतात. वळण पूर्ण दाबून बंद करण्यापूर्वी आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर लावावा. तळाच्या बाजूला पाणी निथळण्यासाठी दोन-तीन ठिकाणी लहान फट ठेवावी.

वेल्डिंगनंतर बॉनेट बोटाने दाबले की टक् करून आत जाते आणि सोडले की बाहेर येते. हा दोष कशामुळे येतो?

तेथील पत्रा ताणला गेला आहे आणि त्याला मावायला जागा उरलेली नाही. वरून ठोकत राहिल्यास तो आणखी ताणतो. गॅसच्या बारीक ज्योतीने फुगवट्याच्या मध्यभागी रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवावा, खाली डॉली धरून ठिपक्याभोवती बाहेरून आत हलके ठोके द्यावेत आणि ओल्या फडक्याने थंड करावे. पत्रा आकसतो. एकाच जागी हे वारंवार करू नये. एक ठिपका झाला की पत्रा पूर्ण थंड होऊ देऊन परिणाम पाहावा आणि गरज असल्यास दुसरी जागा निवडावी.

पुट्टी किती जाडीपर्यंत चालते?

दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत. त्याहून खोल खड्डा हातोडी-डॉलीने वर काढावा. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर न लावता घासलेल्या इपॉक्सी प्रायमरवर लावणे अधिक टिकाऊ ठरते, आणि पुट्टी उघडी असताना ती ओल्या पेपरने घासू नये. भोक बुजवण्यासाठी पुट्टी कधीही वापरू नये, मग ते टाचणीच्या डोक्याएवढे का असेना. ट्रॅक्टरच्या बॉनेटला मोटारीसारखा आरशासारखा सपाटपणा कारखान्यातूनही नव्हता. तो आणण्याच्या नादात थरावर थर चढवले, तर ते इंजिनच्या हादऱ्यांनी तडकतात.

डिझेलच्या टाकीला भोक पडले आहे. तिला वेल्डिंग करता येईल का?

हे काम घरी करू नये. टाकी रिकामी दिसली तरी सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली डिझेल असते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. वर्षभर कोरड्या पडलेल्या टाकीलाही हा धोका असतो. टाकी रेडिएटर आणि टाक्यांचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडे द्यावी. तो ती गरम पाण्याने व डिटर्जंटने वारंवार धुऊन, मगच आणि शक्य तितकी पाण्याने भरलेल्या अवस्थेत जोडकाम करतो. तळ चाळणीसारखा झाला असेल, तर नवी टाकी घ्यावी.

प्रायमर आणि रंगाचे थर कोणत्या क्रमाने द्यावेत?

स्वच्छ पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती पुट्टी, पुन्हा प्रायमर, आणि शेवटी रंग. बाजारातला साधा रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि गेट-ग्रिलला चालतो, पण तो ओल पूर्णपणे अडवत नाही. पैसे वाचवायचे असतील तर वरच्या रंगात वाचवावेत, प्रायमरमध्ये नाही. मागच्या बाजूला आणि सांध्यांच्या आत समोरच्याइतकेच काळजीपूर्वक प्रायमर द्यावे, सांध्यांवर सीलर भरावा आणि ज्या पोकळीत हात जात नाही तिथे मेणयुक्त गंजरोधक फवारावा. दुरुस्त केलेले ट्रॅक्टर पुन्हा सडतात ते प्रायः मागच्या बाजूने, कारण तिथे कोणी पाहत नाही.

वरचा रंग सिंथेटिक इनॅमल असला तरी चालतो. जुन्या ट्रॅक्टरवर मुळातही साधे इनॅमलच असे, आणि त्याची मंद चमक त्याला शोभते. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग डिझेल आणि उन्हाला जास्त दाद देत नाही, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर हा रंग बूथ असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्यावा. मूळ जुना रंग घासतानाही धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये, कारण त्या काळातील रंगांत शिसे असण्याची शक्यता असते.

पावसाळ्यात हे काम करता येईल का?

कापणे, ठोकणे आणि वेल्डिंग करता येईल, रंगकाम टाळावे. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना प्रायमर मारू नये. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर अशा हवेत तासाभरात पिवळसर झाक येते, आणि तो गंजच असतो. प्रायमर मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असावे लागते, म्हणजे सकाळी पत्र्याला हात लावल्यावर तो गार आणि ओलसर लागत असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबावे. कोकणात दिवाळीनंतरचे दिवस यासाठी सर्वांत चांगले. कोणत्याही ऋतूत, जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करावा.

दुरुस्तीनंतर ट्रॅक्टरला वेगळा रंग दिला तर चालतो का?

नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा रंग लिहिलेला असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. रंग बदलायचा असेल, तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे. मूळ रंगच पुन्हा दिला तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि बी-२७५ ला तिचा लालच शोभतो. मूळ छटा शोधण्यासाठी डॅशबोर्डच्या मागे किंवा ब्रॅकेटखाली, जिथे ऊन कधी पोहोचलेले नाही, तिथला पत्रा पाहावा आणि तो तुकडाच रंगाच्या दुकानात नमुना म्हणून न्यावा. कोणत्याही कारणाने चॅसिस क्रमांक किंवा इंजिन क्रमांक घासला जाऊ नये. ब्लास्टिंग आणि रंगकामाच्या आधी त्या जागेवर जाड टेप लावावा आणि क्रमांकाची पट्टी काढावी लागलीच, तर तिचे आधी व नंतरचे छायाचित्र जपून ठेवावे.

मडगार्डच्या आतून जळके ऑइल फासण्याची पद्धत योग्य आहे का?

आपल्याकडे ही प्रथा जुनी आहे आणि काही प्रमाणात ती गंज रोखतेही. तरीही ती टाळावी. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातील आम्लयुक्त अवशेष आणि धातूचे कण असतात, ते धूळ धरते, रबराचे भाग फुगवते, आणि शेतात गळून मातीत व विहिरीत जाते. पुढे कधी रंग द्यायचा झाल्यास तो पत्रा स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य होते. त्याऐवजी प्रायमर वाळल्यावर आतून रबरयुक्त अंडरबॉडी कोटिंग द्यावे. हे कोटिंग गंजावर कधीही लावू नये, कारण त्याखाली काय चालले आहे ते मग दिसत नाही.

दुरुस्त केलेला पत्रा पुढे कसा सांभाळावा?

चिखलणी, खतवाहतूक किंवा फवारणी झाली की त्याच दिवशी मडगार्डच्या आतून पाण्याचा जोरदार मारा करावा आणि ट्रॅक्टर उतारावर तोंड करून निथळू द्यावा. बॅटरीचा ट्रे दर दोन-तीन महिन्यांनी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा आणि बॅटरीखाली रबरी चटई ठेवावी. ट्रॅक्टर गोठ्यात उभा करू नये. शेणामुतातून उठणारा अमोनिया आणि सततची ओल यांपुढे कोणताही रंग फार काळ टिकत नाही. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळून ठेवल्यासही आत घाम धरतो, त्यापेक्षा दोन बाजूंनी उघडी असलेली साधी पत्र्याची शेड बरी. रंगाला ओरखडा पडून लोखंड दिसू लागले, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता तेवढा भाग घासून प्रायमरचा ठिपका द्यावा. त्यासाठी प्रायमर आणि रंग यांचे लहान डबे, घट्ट झाकण लावून, तारीख लिहून बाजूला ठेवलेले असावेत.